घरचा टॉपर

लातुरात एक पोरगं डॉक्टरकीला लागलं की चाळीस जण त्याचे बाप होतात. क्लासवाला म्हणतो माझा विद्यार्थी. हॉस्टेलवाला म्हणतो माझ्या खोलीत राहिला. मेसवाली म्हणते माझ्या हातची भाजी खाऊन शिकला. अभ्यासिकेवाला त्याच्या रिकाम्या खुर्चीला हार घालतो. एका साली तर कटिंगच्या दुकानावर फ्लेक्स लागला होता, ‘आमचे नियमित ग्राहक, हार्दिक अभिनंदन’. खरा बाप बिचारा गावाकडं सोयाबीन पेरत असतो, त्याला ह्यातलं काही ठावं नसतं. ह्या चाळिसांत आपला एकेचाळिसावा नंबर लागावा म्हणून आमच्या मालकांनी काय काय केलं, ते सांगते. मी त्यांची बायको, मंजुश्री. मी सांगितलेलं बरं. ते स्वतः सांगायला बसले तर शेवटी तुम्हाला एक डबी घ्यावी लागंल.

मालकांचं नाव मन्मथप्पा. गंजगोलाईच्या बाजारात आमचं काष्ठौषधीचं जुनं दुकान. मुळ्या, साली, पाला, बिया. सासरे गुरुपादप्पा चाळीस वर्षं त्या गादीवर बसले. डोक्याला पांढरी टोपी, कपाळाला विभूती, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक पळून जावं. कुणी म्हणलं, ‘अप्पा, ताकदीचं काही द्या,’ तर म्हणायचे, ‘घरी भाकर हाय ना? ती खा.’ असल्या माणसाचं दुकान चाललं कसं, हे कोडं मला लग्न झाल्यापासून सुटलं न्हाई.

मालक त्यांच्या अगदी उलटे. जीभ खडीसाखरेची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा पेपरात सगळं विसरले. चौथ्यांदा परीक्षेची तारीखच विसरले. हे ते पूर्वी चारचौघांत हसून सांगायचे. आता न्हाई सांगत, कारण आता ते स्मरणशक्तीचं चूर्ण विकतात.

माणूस वाईट न्हाई, बरं का. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले होते. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहा घेत न्हाईत, कुणाला उपाशी धाडत न्हाईत. एकच खोड हाय. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी त्याला काय झालंय ते ह्यांना कळतं. ‘तुम्ही बोलूच नका, मी सांगतो,’ हे त्यांचं पालुपद. माझं डोकं दुखत असलं तरी पित्त हाय म्हणून हेच ठरवणार, आणि मी काही बोलायला गेले तर म्हणणार, ‘तू गप, तुला काय कळतंय तुझ्या डोक्यातलं!’

कोरोना आला तेव्हा मालकांचं नशीब उघडलं. काढ्याच्या पुड्या बांधता बांधता माझी बोटं वळून गेली. एक दिवस मला म्हणले, ‘मंजुश्री, माणूस घाबरला ना, की औषध विकावं लागत न्हाई. नुसतं पुढं सरकवायचं.’ मग कोरोना गेला, लोकांचं भ्या गेलं, आणि काढ्याच्या गोण्या माळ्यावर पडून राहिल्या. दोन महिने मालक नुसते परेशान. असं कुठलं भ्या हाय की जे दरसाली येतं आणि जाता जात न्हाई? त्याचं उत्तर रोज आमच्या दारावरून चाललं होतं, पाठीवर दप्तर घेऊन.

लातूरचा ट्यूशन एरिया बघितला नसंल तर एकदा जून महिन्यात या. चाकूरचे, जळकोटचे, पार माहूरकडचे आईबाप जीपा करून येतात. सोबत पोरगं, ट्रंक, गादी, बादली. आधी क्लास लावायचा, मग हॉस्टेल, मग मेस. एवढं सगळं झालं की आईबाप रस्त्यात उभे राहतात, आणि त्यांच्या तोंडावर एकच सवाल असतो, आता आणखी काय राहिलं? बरोबर तिथंच मालकांनी नवी जागा घेतली. पुढं दुकान, मागं घर. काय राहिलं त्याचं उत्तर काचेच्या कपाटात मांडून ठेवलं. ‘स्मृतिमंथन चूर्ण. स्मरण वाढवी, टेन्शन घालवी.’

त्यात काय हाय ते मला विचारा, कारण करते मी. मी आणि आमच्याकडं कामाला येणारी केवळाबाई. ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड, थोडी अश्वगंधा. गच्चीवर वाळवायचं, कांडायचं, वस्त्रगाळ करायचं. खोटं औषध न्हाई, सासऱ्यांच्या वहीतलंच हाय. पण पहिल्या खेपेला कडू लागलं म्हणून पोरांनी थुंकून टाकलं. मग खडीसाखर घातली. पोरं घेऊ लागली. आणखी घातली, आणखी घेऊ लागली. आता त्यात बुद्धी किती आणि साखर किती हे विचारू नका. केवळाबाई तर म्हणते, ‘वहिनी, ह्याचे लाडू लई झाक होतील.’ हॉस्टेलची पोरं पोळीला लावून खातात असं कानावर आलं, तर मालक खूश. म्हणले, ‘बघ, लेकरांचा किती विश्वास हाय!’

आणि आईबापांचं तर काय सांगू! जळकोटचे शेषेराव म्हणून एक जण आले होते. डबी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणले, ‘साहेब, हे बायोलॉजीला चालतं का फिजिक्सला?’

‘दोन्हीला,’ मालक म्हणले. ‘फिजिक्सला दीड चमचा.’

‘आणि केमिस्ट्री?’

‘ती ह्याच्यातच येती. वेगळं घ्यायचं काम न्हाई.’

शेषेरावांना तसल्ली झाली. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत होते. हसत होते खरी, पण त्यांची डबी मीच बांधून दिली.

तर मालकांना आता टॉपर पाहिजे होता. टॉपरशिवाय लातुरात कुणी कुत्रं विचारत न्हाई. एका साली निलंग्याकडचा एक पोरगा चांगल्या गुणांनी लागला. मालकांना आठवलं, ह्या पोराचं एकदा पोट फुगलं होतं आणि त्यानं आपल्याकडून हिंग्वाष्टक नेलं होतं. झालं! दुसऱ्या दिवशी दुकानावर त्याचा फोटो, ‘आमच्या औषधाचा मानकरी’. तिसऱ्या दिवशी क्लासची चार माणसं आली आणि शिडी लावून फ्लेक्स उतरवून घेऊन गेली. म्हणली, टॉपर आमचा हाय, पोट तुमचं ठेवा. मालकांच्या ते लई जिव्हारी लागलं. जेवताना घास हातात धरून म्हणले, ‘दुसऱ्याच्या पोरावर भरवसा न्हाई. टॉपर घरचाच पाहिजे.’

घरात पोर एकच, ऋतुजा. मला मम्मी म्हणते आणि ह्यांना अप्पा. दहावीला पंच्याण्णव टक्के. तिनं डॉक्टर व्हायचं हे कुणी कधी ठरवलं, मला आठवत न्हाई. लातुरात ते ठरवावं लागत न्हाई, बारशालाच ठरून जातं. नीटच्या परीक्षेला पहिल्यांदा बसली, सातशे विसांत चारशे दहा पडले. दुसऱ्यांदा चारशे अडुसष्ट. तेवढ्यावर सरकारी कॉलेज मिळंना, म्हणून तिसऱ्यांदा बसली. मालक म्हणले, ‘तिसऱ्या खेपेला लागणार. माझ्याच चूर्णावर लागणार.’

रोज सकाळी अनशापोटी कोमट दुधात चमचाभर चूर्ण मी तिला द्यायचे. अभ्यासिकेतून आली की मालक विचारायचे, ‘घेतलं का गं?’ ती म्हणायची, ‘घेतलं अप्पा.’ संपलं, बापलेकीचं बोलणं झालं. मी फोन केला तरी पहिला सवाल तोच. पोरगी भांडत नव्हती, रुसत नव्हती, जेवायला वाढलं तर जेवायची. लोक म्हणायचे, किती गुणाची हो तुमची ऋतुजा! मलाबी तसंच वाटायचं.

पण मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणले तर जीभ झडंल माझी. कंगव्यात केसांचा पुंजका निघायचा. कप खाली ठेवताना बशीवर खडखडायचा. नखं कुरतडून बोटं सोलून काढली होती. एक दिवस मी मालकांना म्हणलं, ‘अहो, पोरीचं लक्षण मला ठीक दिसून न्हाई राहिलं.’ माझं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच ते म्हणले, ‘टेन्शन हाय ते. उद्यापासून दोन चमचे कर.’ आणि मी दोन चमचे केले. काय म्हणावं मला? ज्यात काय हाय आणि काय न्हाई हे माझ्या हाताला ठावं होतं, त्याचेच दोन चमचे मी माझ्या लेकीच्या दुधात घातले.

ट्यूशन एरियात हॉस्टेलांच्या गच्चीला कुलूप असतं. ते का असतं हे तिथं कुणी कुणाला विचारत न्हाई. मीबी कधी विचारलं न्हाई. पण त्या उन्हाळ्यात एक दिवस ब्राह्मीचं वाळवण काढून मी खाली उतरले आणि आमच्या गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. मालकांनी विचारलं, ‘हे काय नवीन?’ म्हणलं, ‘माकडं येतात.’ आमच्या गल्लीत कुठली आलीत माकडं! पण त्यांनी पुन्हा विचारलं न्हाई. मला एकच भीती होती, आणि ती तोंडानं बोलायचीबी भीती होती. डॉक्टर होऊ नको बाई, पण आमच्या हाताशी राहा, एवढंच मी देवापुढं म्हणत होते.

आता मालकांचा खरा पराक्रम ऐका. निकालाच्या दिवशी फ्लेक्स छापायला गेलं तर लातुरात दोन दोन दिवस नंबर लागत न्हाई. म्हणून शहाणी माणसं डिझाईन आधीच करून ठेवतात. पोराचा फोटो, नाव, खाली शुभेच्छुकांची रांग, सगळं तयार. फक्त गुणांची जागा मोकळी. निकाल लागला की आकडा भरायचा आणि तासाभरात चौकात टांगायचा. ही इथली रीतच होऊन बसलीय, कुणाला त्यात वावगं वाटत न्हाई. मालकांनी फ्लेक्स तर केलाच. पण ते एक पाऊल पुढं गेले. चूर्णाच्या पुठ्ठ्याच्या डब्यासुद्धा आधीच छापून आणल्या. दहा हजार.

त्यासाठी ऋतुजाला फोटो स्टुडिओत नेलं. लातूरच्या स्टुडिओत डॉक्टरचा पांढरा कोट तयार असतो, नवरदेवाच्या फेट्याशेजारी टांगलेला. तो घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून पोरीला उभं केलं. फोटोवाला म्हणला, ‘ताई, हसा जरा.’ ती हसली. ते हसू डबीवर आलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘माझ्या यशाचं रहस्य, स्मृतिमंथन.’ त्याखाली ‘नीट गुण’ म्हणून एक चौकोन. कोरा. निकाल लागला की त्यात शिक्का मारायचा. पहिली डबी मालकांनी देवापुढं ठेवून तिला विभूती लावली. मी म्हणलं, ‘अहो, आधी पेपर तर होऊ द्या. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.’ तर म्हणले, ‘अशुभ बोलू नको. माझा माझ्या औषधावर विश्वास हाय.’

डब्या आल्या परीक्षेच्या दहा दिवस आधी. ठेवायच्या कुठं? दुकानात गोण्या, माळ्यावर काढा. मग ऋतुजाच्या खोलीत, तिच्या टेबलासमोरच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत रचल्या. तोंडं बाहेर करून. मालक म्हणले, ‘चांगलंच झालं. ध्येय समोर दिसलं पाहिजे.’ दहा दिवस माझी लेक त्या भिंतीपुढं बसून अभ्यास करत राहिली. मी दूध द्यायला गेले की तिकडं बघायचे न्हाई.

परीक्षेचं केंद्र आलं नांदेडला. तिघं जण एसटीनं गेलो. मे महिन्याचं नांदेडचं ऊन, केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीला आईबापांची जत्रा. गेटवर पोरींच्या केसातल्या पिना काढल्या, कानातलं काढलं, ओढणी काढली. ऋतुजा आत गेली तेव्हा मागं वळून बघितलं न्हाई. कुणाच्या हातात पोथी, कुणाच्या हातात अंगारा. एक बाई माहूरच्या रेणुकेला बोलत होती, पोरगी लागू दे, चालत येते. आणि आमचे मालक? त्यांनी पिशवीतून नमुन्याच्या पुड्या काढल्या आणि ओळीनं वाटायला सुरुवात केली. ती बाई म्हणली, ‘परीक्षा पोरीची हाय, मला कशाला?’ मालक म्हणले, ‘पण टेन्शन तर तुम्हाला हाय ना?’ तिनं पुडी फाडली आणि तिथंच फक्की मारली. मला धरणी दुभंगंल तर बरं, असं झालं.

पाच वाजून गेल्यावर पोरं बाहेर आली. ऋतुजा सगळ्यांच्या मागून आली. तोंड पांढरंफटक. बापाच्या हातात पुड्या, ओठावर हसू.

‘कसा गेला?’

‘गेला.’

‘घेतलं होतं ना सकाळी?’

‘घेतलं होतं अप्पा.’

परतीच्या वाटेवर फ्लेक्स कुठल्या चौकात टांगायचा ह्याच विचारात मालक होते. ऋतुजानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं झोपली. लोहा गावाच्या पुढं गाडीला गचका बसला म्हणून खाली बघितलं तर तिचे डोळे टक्क उघडे.

निकाल लागला. एकशे अठ्ठ्याण्णव.

मालकांना वाटलं वेबसाइट बिघडली. तीनदा उघडून बघितली. तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन. ‘अप्पा, आकडा सांगा पटकन, तुमच्यासाठी मशीन थांबवलंय!’ मालक म्हणले, ‘थांब जरा.’ त्यानं अर्ध्या तासात चारदा फोन केला. शेवटी मी फोन बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवला.

मालक ऋतुजाच्या खोलीत गेले. मागं मी. ती टेबलाला टेकून बसली होती.

‘पेपर अवघड होता का?’ मालकांनी विचारलं.

‘न्हाई.’

‘मग असं कसं झालं?’

‘काही आठवलंच न्हाई, अप्पा. प्रश्न वाचला की डोळ्यापुढं डबी यायची. मी हसून राहिले, आणि खाली तो कोरा चौकोन. पुढचा प्रश्न वाचला की पुन्हा तेच. बघता बघता घंटा झाली.’

मी म्हणलं, ‘अगं बाई, तुला असं होत होतं तर सांगितलं का न्हाईस आम्हाला?’

ती माझ्याकडं बघून म्हणली, ‘तुम्ही विचारलं कुठं, मम्मी? तुम्ही दोघं रोज एकच विचारत होता, घेतलं का. घेत होते की मी.’

रागानं बोलली असती तर मीबी चार शब्द उलटून बोलले असते. पण ती अगदी साधं, वाण्यानं भाव सांगावा तसं बोलली.

तुम्हाला वाटंल, मालक त्या दिवशी शहाणे झाले. कशाचं शहाणे! दोन दिवस जेवले न्हाईत, ते खरं. तिसऱ्या दिवशी बाहेरून आले ते तोंड उजळून. खिशातून एक नवाकोरा शिक्का काढला आणि पाटावर ठेवला. मी उचलून वाचला. ‘टेन्शनमुक्त’.

‘उपाय निघाला,’ मालक म्हणले. ‘आपलं औषध दोन कामाचं हाय का न्हाई? स्मरण न्हाई वाढलं, न्हाई तर न्हाई. टेन्शन तर गेलं? एवढा कमी निकाल लागला, तरी पोरगी रडली का? ओरडली का? बघ कशी शांत पडलीय. त्या चौकोनात हाच शिक्का मारू. दहा हजार डब्या वाया कशाला घालायच्या?’

शांत! निकालापासून भिंतीकडं तोंड करून पडलेल्या पोरीला हा माणूस शांत म्हणत होता. एकवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी अरे-तुरे केलं न्हाई, त्या दिवशीबी न्हाई केलं, पण बाकी काही ठेवलं न्हाई. म्हणलं, ‘माझ्या लेकीच्या तोंडाखाली शिक्का मारायचा असंल तर आधी माझ्या कपाळावर मारा! बी.कॉम.ला तीनदा विसरलात तेव्हा तुमच्या बापानं तुमचा फोटो डबीवर लावला होता का? पोरीला काय झालंय ते विकायच्या आधी एकदा बघा तरी! गच्चीला कुलूप कशाला घातलं मी? माकडं येतात म्हणून? तुम्हाला खरंच वाटलं माकडं येतात?’

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या कमरेच्या किल्लीकडं. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच भ्या वाटलं. ते खाली बसले. शिक्का मी परसात नेऊन पाणी तापवायच्या बंबात घातला.

डब्या त्या खोलीतून काढायच्या होत्या. मी केवळाबाईला म्हणलं, फाड सगळ्या. ती म्हणली, ‘वहिनी, माझा हात न्हाई व्हायचा. जित्या माणसाचा फोटो फाडू न्हाई.’ खरंच होतं ते, माझाबी हात होईना. मग आम्ही प्रत्येक डबी मोडून उलटी केली. छापील बाजू आत, कोरा पुठ्ठा बाहेर. पहिला दिवस आम्ही दोघीच करत होतो. दुसऱ्या दिवशी मालक न बोलता येऊन शेजारी बसले आणि डब्या उलट्या करू लागले. चार दिवस लागले. ती भिंत मोकळी झाली तेव्हा तिथली खिडकी दिसली. मी विसरूनच गेले होते की त्या खोलीला खिडकी हाय.

मग जुलै आला. पोट तर भरायचंच होतं, दुकान उघडलं. चाकूरकडचे एक गृहस्थ आले, सोबत सतरा-अठरा वर्षांची पोरगी. दप्तराचा बंद तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. गृहस्थ म्हणले, ‘ते आठवणीचं द्या. मोठी डबी.’

मालकांचा हात सवयीनं कपाटाकडं गेला आणि मधीच थांबला. मी आत दारापाशी गहू निवडत होते, तिथून दिसत होतं. मालक पोरीकडं वळले.

‘बाई, तुला झोप लागते का?’

पोरीनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाप म्हणला, ‘लागते की! लई लागते. तेच तर वांदं हाय. झोप कमी व्हायचं काही ठेवता का तुम्ही?’

‘मी तिला विचारलं,’ मालक म्हणले.

‘तिला काय कळतंय?’

‘तुम्ही गप बसा वो जरा. तिला बोलू द्या.’

पोरगी बापाकडं बघत होती. बाप घड्याळाकडं बघत होता, क्लासच्या ऑफिसात त्यांना एक वाजता बोलावलं होतं. ‘औषध द्यायचं नसंल तर तसं सांगा,’ तो तडकून म्हणला. ‘डोकं कशाला खाऊन राहिले?’ आणि पोरीचा हात धरून समोरच्या दुकानात गेला. समोरबी आता तसलंच एक चूर्ण मिळतं, नुसतं नाव वेगळं. रस्ता ओलांडताना पोरगी दोनदा मागं वळून बघत होती.

मालक गादीवर तसेच बसून राहिले. मग मान न वळवता मला म्हणले, ‘मंजुश्री, आपल्या ऋतुजाला लागते का गं झोप?’

मी म्हणलं, ‘मला काय विचारता? लेक तुमची हाय, आत हाय. जावा, तिलाच विचारा.’

ते उठले. माझ्या शेजारून आत गेले आणि तिच्या दारात उभे राहिले. पायरीवर पाय ठेवून काढला, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणले, ‘ऋतू, बाळा, तुला झोप लागते का गं?’

ती जागीच होती. भिंतीकडचं तोंड तिनं इकडं वळवलं आणि बापाकडं नुसती बघत राहिली. मालक थांबले.

‘न्हाई, अप्पा,’ ती म्हणली. ‘दोन वर्षं झाली. लागतच न्हाई.’

आणि निकाल लागल्यापासून पहिल्यांदा रडायला लागली. मालक तिथंच खाली फरशीवर बसले, तिच्या उशाशी. मी गव्हाचं सूप बाजूला ठेवलं आणि आत गेले.